हलका अल्ट्रा लार्ज फॉरमॅट कॅमेरा निवडताना काट्यावर काय काय ठेवायचं

फिल्मचा ताव ८ × १० इंचांच्या पुढचा असेल तर ते सगळं अल्ट्रा लार्ज फॉरमॅट. ७ × १७, ८ × २०, ११ × १४, १४ × १७, १२ × २०, १६ × २०, २० × २४ हे नेहमीचे आकार. असा कॅमेरा घ्यायला निघालेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅमेऱ्याचं वजन किती? प्रश्न चुकीचा नाही, पण पाठीवर नुसता कॅमेरा जात नाही.

१९०० साली शिकागोच्या जॉर्ज लॉरेन्सने एका रेल्वेगाडीचा फोटो काढण्यासाठी अवाढव्य कॅमेरा बांधला. तो ९०० पौंडांचा होता आणि प्लेट भरलेला होल्डर (प्लेट किंवा फिल्म अंधारात ठेवणारी चपटी पेटी) वेगळा, सुमारे ५०० पौंडांचा. आजच्या कार्बन फायबरच्या जमान्यातही होल्डरची ही दादागिरी संपलेली नाही. हिशेबापुरता ७ × १७ घेऊ. कॅमेरा ५ किलो. दोन्ही बाजूंना फिल्म लागणारे तीन होल्डर, एकेक किलोचे धरले तर ३ किलो. लेन्स आणि ती बसवायची फळी, म्हणजे लेन्सबोर्ड, अर्धा किलो. ट्रायपॉड आणि हेड ५ किलो. काळं कापड, लाइट मीटर, भिंग, फिल्टर, बॅग मिळून २ किलो. बेरीज साडेपंधरा, त्यात कॅमेऱ्याचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून कमी. महागडं मॉडेल घेऊन कॅमेऱ्यात अर्धा किलो वाचवण्यापेक्षा एक होल्डर घरी ठेवला तर दुप्पट वजन वाचतं, तेही फुकटात. १२ × २०ला होल्डर दोन किलोंच्या घरात धरा. तिथे तीन होल्डर म्हणजे जवळजवळ दुसरा कॅमेराच.

म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी आकार, मग लेन्स, मग होल्डर आणि फिल्म, मग ट्रायपॉड, कॅमेरा शेवटी.

आकार ठरवताना क्षेत्रफळापेक्षा कर्णाकडे बघा, कारण लेन्सला कर्ण झाकायचा असतो. ११ × १४चा कर्ण साधारण ४५२ मिमी, ७ × १७चा ४६७, ८ × २०चा ५४७, १४ × १७चा ५५९, १२ × २०चा ५९२, १६ × २०चा ६५१ आणि २० × २४चा ७९३. लेन्सचं इमेज सर्कल, म्हणजे ती पाडते त्या प्रतिमेच्या वर्तुळाचा व्यास, याहून मोठं हवं, आणि स्टँडर्ड (लेन्स किंवा फिल्म धरणारी चौकट) वर-खाली सरकवायला जागा हवी असेल तर बरंच मोठं.

हलक्या संचासाठी ४५० मिमीची फुजिनॉन सी हे एक सोपं उत्तर आहे. वजन २७० ग्रॅम, शटर कोपाल १ या मापाचं, फिल्टर ५२ मिमीचा आणि इमेज सर्कल ४८६ मिमी. ७ × १७वर ती आडव्या चौकटीत साधारण २२ मिमी राइज (लेन्स वर सरकवायची मुभा) देते, ११ × १४वर २५ मिमी. दोन्ही आकडे वर्तुळाच्या साध्या भूमितीतून निघतात: त्रिज्येच्या वर्गातून अर्ध्या रुंदीचा वर्ग वजा करा, वर्गमूळ काढा, त्यातून अर्धी उंची वजा करा. कागद-पेन्सिल घेऊन लेन्स विकत घेण्याआधी हे करावंच. ६०० मिमीची फुजिनॉन सी ५७५ ग्रॅमची आहे आणि तिचं सर्कल ६२० मिमी. ती ७ × १७वर तब्बल १३३ मिमी राइज देते, पण १२ × २०वर जेमतेम २५. त्याच्या पुढे जायचं तर श्नायडरच्या फाइन आर्ट एक्सएक्सएल लेन्स आहेत, ५५० आणि ११०० मिमी, सर्कल ९०० मिमी. त्या हलक्या संचात बसत नाहीत, त्यामुळे इथे त्यांचा विचार सोडून देतो. निक्कॉर एम ४५० मिमी ही उत्तम लेन्स आहे, पण तिचं सर्कल ४४० मिमी. ८ × १०ला भरपूर, ११ × १४ आणि ७ × १७ला कागदावर अपुरं. नावात ४५० दिसलं म्हणून दोन्ही लेन्स सारख्या समजणाऱ्यांची फसगत इथेच होते.

जुन्या छापखान्यांच्या प्रोसेस कॅमेऱ्यांतून निघालेल्या अपो-रोनार, आर्टार, जी-क्लॅरॉन या लेन्स स्वस्त पडतात. मात्र त्यांच्या माहितीपत्रकातलं इमेज सर्कल बहुतेक वेळा १:१ प्रमाणाला, म्हणजे वस्तू आणि प्रतिमा एकाच मापाच्या असताना, दिलेलं असतं. लांबच्या दृश्यासाठी ते निम्मं धरायचं: १:१ला १००० मिमी असेल तर अनंतावर ५००. आर्टारसारख्या रचनेचा कोन साधारण ४६ अंशांचा असतो, म्हणजे २४ इंची आर्टार अनंतावर ५१० मिमीच्या आसपास झाकते. ७ × १७ला पुरते, ८ × २०चे कोपरे काळे राहतात. अशा लेन्सला शटर नसतं आणि त्याने फारसं बिघडतही नाही. एक्सपोजर एका सेकंदाच्या वर गेलं की लेन्सची टोपी हेच शटर.

आणि एक्सपोजर तिथे जातंच. इल्फर्डची १२५ स्पीडची एफपी४ प्लस ही फिल्म घेतली तर कडक उन्हात एफ १६ला (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र छोटं) १/१२५, म्हणजे एफ ६४ला साधारण १/८ सेकंद. पिवळा फिल्टर लावला की १/४. झाडांच्या सावलीत मीटर १० सेकंद सांगू लागतो आणि मग रेसिप्रॉसिटी, म्हणजे लांब एक्सपोजरला फिल्मचं मंदावणं, मध्ये येते. इल्फर्डच्या सूत्रानुसार मोजलेल्या वेळेचा १.२६वा घात घ्यायचा: १० सेकंदांचे १८ होतात, ३० सेकंदांचे ७२-७३. इल्फर्डच्याच एचपी५ प्लस फिल्मचा घातांक १.३१ आहे, पण तिचा स्पीड पावणेदोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त असल्यामुळे वाऱ्याच्या दिवशी तीच सोयीची. एवढं छोटं छिद्र कशाला, असं ३५ मिमीवाले विचारतात. कारण ४५०-६०० मिमीच्या लेन्सला डेप्थ ऑफ फील्ड (फोकसच्या पुढे-मागे धारदार राहणारा पट्टा) नावालाच असते. डिफ्रॅक्शनची, म्हणजे छोट्या छिद्रातून प्रकाश पसरून प्रतिमा मऊ होण्याची, भीती मात्र इथे गैरलागू आहे. एफ ६४ला त्याचा ठिपका ०.०९ मिमीपेक्षा लहान असतो आणि कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह कागदाला चिकटवून त्याच आकाराचा काढलेला) डोळ्यापासून वीतभर अंतरावर धरला तरी ०.२ मिमीपर्यंतचा ठिपका खपून जातो.

आता बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांना जोडणारा घड्यांचा भाता. ४५० मिमीच्या लेन्सने २ मीटरवरच्या वस्तूवर फोकस करायचा तर बेलोज ५८० मिमीपर्यंत ताणावे लागतात आणि एक्सपोजर पाऊण स्टॉप वाढतं. ६०० मिमीच्या लेन्सला त्याच अंतरासाठी ८५७ मिमी लागतात, वाढ पूर्ण एक स्टॉप. हलके कॅमेरे वजन वाचवतात ते बऱ्याचदा इथेच, बेलोजची लांबी कापून. तुमचं काम लांबच्या डोंगरांचं असेल तर कापलेली लांबी कधी आठवणारही नाही. माणसांचे फोटो काढणार असाल तर सहाव्या महिन्यात कॅमेरा विकायला काढाल.

पुढे निमुळते होत गेलेले बेलोज हलके असतात, घडीही लहान होते, पण राइज दिल्यावर वरच्या कोपऱ्यांत आडवे येतात. सरळ चौकोनी बेलोज जड असतात आणि लांब ताणले की मध्ये लोंबतात. लोंबलेल्या बेलोजचं छत प्रकाशाच्या वाटेत उतरतं आणि फिल्मच्या वरच्या कडेचा प्रकाश अडवतं. फोकस बघायच्या खरखरीत काचेवर, म्हणजे ग्राउंड ग्लासवर, प्रतिमा उलटी असते, म्हणजे निगेटिव्हमध्ये कापली जाते ती समोरची जमीन, आकाश नव्हे. ग्राउंड ग्लासचे कोपरे छाटलेले असतील तर त्या फटीतून लेन्सकडे बघा: छिद्र पूर्ण गोल दिसलं पाहिजे, चिंचोळं दिसलं तर काहीतरी आडवं आलंय. बेलोजच्या मध्यावर वर अडकवायला एखादी पट्टी किंवा कडी आहे का, हे खरेदीपूर्वी विचारा. नसेल तर स्वतः लावता येते.

ग्राउंड ग्लासच्या वजनाचा कोणी विचारच करत नाही. ३ मिमी जाडीची १२ × २०ची काच जवळपास १.१५ किलो भरते. तीच २ मिमीची घेतली तर पाऊण किलो. ३ मिमीचं खरखरीत अ‍ॅक्रिलिक फक्त ५५० ग्रॅम. अ‍ॅक्रिलिक उन्हात किंचित वाकतं, ओरखडे पटकन पडतात आणि बारीक तपशील काचेइतका खणखणीत दिसत नाही. पण ते फुटत नाही. १२ × २० किंवा १४ × १७ला मी अ‍ॅक्रिलिकच्या बाजूने कौल देईन, ७ × १७ आणि ११ × १४ला पातळ काचेच्या.

फिल्मचं गणित आकाराच्या निवडीत शेवटी येऊ नये, पण बहुतेकांच्या बाबतीत तसंच होतं. इल्फर्ड वर्षातून एकदा ठरावीक मुदतीत अल्ट्रा लार्ज आकारांची मागणी घेतं; मुदत चुकली की पुढच्या वर्षापर्यंत थांबा. कोडॅकच्या खास आकारांच्या मागण्या अ‍ॅरिझोनाचे कॅमेरानिर्माते कॅनहॅम यांच्यामार्फत एकत्र केल्या गेल्या आहेत. रोजच्या सरावासाठी मात्र एक्स-रे फिल्मला तोड नाही. छातीच्या एक्स-रेचा १४ × १७ इंच हा आकार आपल्याकडे वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत जुनाच ओळखीचा, आणि ही फिल्म मधोमध कापली की ७ × १७चे दोन ताव होतात. हे एकच कारण मला ७ × १७च्या बाजूने झुकवायला पुरेसं आहे.

विकत घेताना एवढं बघा की फिल्म ओल्या प्रक्रियेची, ग्रीन सेन्सिटिव्ह असावी. हल्ली डिजिटल यंत्रांत वापरतात ती ड्राय फिल्म उष्णतेवर चालते, कॅमेऱ्यात तिचा काही उपयोग नाही. दुकानदार दोन्हींना एक्स-रे फिल्मच म्हणतो, तेव्हा डब्यावरचं वाचून घ्या. उन्हात स्पीड ८० ते १०० धरून सुरुवात करा. फिल्मला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे गडद लाल दिव्यात कापता आणि धुता येते. चेहऱ्यांची त्वचा मात्र काळवंडते आणि ओठ आणखी गडद येतात. इमल्शन दोन्ही बाजूंना असतं आणि फार नाजूक असतं. ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवा, एका वेळी एकच ताव, डेव्हलपर नेहमीपेक्षा बराच पातळ. कापताना पात्याखाली स्वच्छ कागद ठेवा, नखं लागू देऊ नका आणि होल्डरच्या खाचेत सहज सरकेल इतकी कड कमी करा. घट्ट बसलेला ताव मध्ये फुगतो.

फुगण्याचा त्रास चांगल्या फिल्मलाही होतो. कॅमेरा खाली झुकवला की एवढा मोठा ताव स्वतःच्या वजनाने पुढे येतो, आणि डार्क स्लाइड (होल्डरमधलं फिल्म झाकणारं पान) ओढल्यावर हवेच्या धक्क्याने हलतो. होल्डर आत घालण्याआधी खालची कड तळहातावर हलकी आपटा, स्लाइड सावकाश ओढा, मग पंधरा-वीस सेकंद थांबा. घाई केली तर मधला भाग मऊ आणि कडा धारदार असं विचित्र निगेटिव्ह मिळतं आणि दोष बिचाऱ्या लेन्सला लागतो.

होल्डरच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. ८ × १०ला होल्डरच्या कडेपासून फिल्मपर्यंतची खोली ठरलेली आहे, ०.२६० इंच, म्हणजे ६.६ मिमी. त्यामुळे कुठलाही होल्डर कुठल्याही कॅमेऱ्यात चालतो. ७ × १७ किंवा १२ × २०मध्ये हा भरवसा धरू नका. जुन्या कोरोना किंवा फोल्मर अँड श्विंगच्या बँक्वेट कॅमेऱ्यांचे होल्डर नव्या कॅमेऱ्यात बसतील असं नाही. बसले तरी प्रकाश अडवणारी पट्टी भलत्या जागी येते, खोलीही वेगळी निघते. होल्डर कॅमेऱ्याच्याच निर्मात्याकडून, कॅमेऱ्यासोबतच घ्यावेत. सेकंडहँड व्यवहारात कॅमेरा निर्मात्याला पाठवून त्यावर होल्डर बेतून घेणं हा महाग पण खात्रीचा मार्ग.

खोली मोजायला डेप्थ गेज आणि एक सरळ धातूची पट्टी पुरते. होल्डरमध्ये वाया गेलेला ताव घाला, पट्टी आडवी ठेवा, चार कोपरे आणि मध्य असे पाच आकडे लिहा. ग्राउंड ग्लासच्या खरखरीत बाजूपर्यंतची खोली तशीच मोजा. ही बाजू लेन्सकडे हवी. फरक अर्ध्या मिमीच्या आत असेल तर विसरून जा. एफ ४५ला, ०.२ मिमीच्या ठिपक्याने, फिल्मपाशी एकूण १८ मिमीची सूट असते. एफ ११ला पोर्ट्रेट काढताना ती ४.४ मिमीवर येते, तरी पुरेशी आहे. खरा धोका समांतरपणाचा. २० इंचांच्या रुंदीवर पुढचा स्टँडर्ड १ अंशाने वळला तर एका कडेपासून दुसरीपर्यंत जवळपास ९ मिमीचा फरक पडतो, आणि उघड्या छिद्राला तो लपत नाही.

त्यामुळे हलक्या कॅमेऱ्यात मी सर्वांत आधी बघतो ती पुढच्या स्टँडर्डची पकड. मिशिगनच्या फिलिप्स कॅमेऱ्यांनी जी वाट दाखवली आणि चीनच्या शामोनीने पुढे नेली, त्या रचनेत पितळी जोडकाम जवळपास काढून टाकलेलं असतं. पुढचा स्टँडर्ड फळीवरच्या एखाद्या छिद्रात स्क्रूने बसतो आणि बारीक फोकस मागच्या चक्राने होतो. वजन कमी होतं, शिवाय ६०० मिमी ताणलेल्या बेलोजमागे उभं राहून हात पुढे पोहोचवायची कसरत वाचते. किंमत इतकीच की स्टँडर्ड सरळ आहे की वळलेला, हे खटक्याने कळत नाही. दर वेळी डोळ्याने किंवा छोट्या पट्टीने तपासावं लागतं. शिकागोच्या डिअरडॉर्फचा ८ × १० सुमारे साडेपाच किलोंचा होता. आजच्या हलक्या बांधणीचे ७ × १७ त्याच वजनाच्या आसपास किंवा खाली येतात ते या काटछाटीमुळे. व्हरमाँटचे रिटर आणि इटलीचे स्टेनोपेइका यांच्याही कामाची माहिती काढावी.

पकड तपासायची एक खात्रीची पद्धत: कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, तुमच्या सर्वांत लांब लेन्सइतके बेलोज ताणा, लेन्सबोर्डवर तेवढ्याच वजनाचं काहीतरी बांधा आणि पुढच्या स्टँडर्डला छोटा लेझर पॉइंटर चिकटवा. तीन मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पडेल, तिथे पेन्सिलीची खूण करा. आता होल्डर घाला आणि डार्क स्लाइड ओढा. ठिपका थरथरून परत खुणेवर आला तर ती लवचीकता आहे, थांबलं की भागतं. ठिपका सरकून दुसरीकडेच स्थिरावला तर जोड सैल आहे, आणि तो कॅमेरा कितीही हलका असला तरी घेऊ नका.

हलवण्याच्या सोयींपैकी फ्रंट राइज आणि पुढचा टिल्ट (स्टँडर्ड पुढे-मागे झुकवणं) हवेतच. मागचा टिल्ट असला तर उत्तम, कारण तो इमेज सर्कल खर्च करत नाही आणि काचेसमोर उभं राहून करता येतो. पुढचा शिफ्ट (डावी-उजवीकडे सरकवणं), मागचा राइज असली चैन सोडून दिली तरी चालते. उभ्या-आडव्या फिरणाऱ्या बॅकचंही तसंच: १४ × १७ला ती घेतली की मागची चौकट १७ × १७ची होते आणि वजन फुकटचं वाढतं.

ट्रायपॉडवर कंजूषी नको. सह्याद्रीच्या धारेवर ताणलेले बेलोज म्हणजे शीडच. मधला दांडा नसलेला, पाय रुंद पसरणारा ट्रायपॉड घ्या. बॉल हेड विसरा. जर्मनीच्या बेर्लेबाखचे किंवा अमेरिकेच्या रीसचे लाकडी ट्रायपॉड कंप चांगले शोषतात. स्वस्तातला पर्याय म्हणजे सर्व्हेवाल्यांचा टोटल स्टेशनचा ट्रायपॉड. त्याचा स्क्रू ५/८ इंचाचा असतो आणि कॅमेऱ्याला ३/८ लागतो, तेव्हा लेथवाल्याकडून पितळी अडॅप्टर कातून घ्यावा लागतो. ६०० मिमीच्या पुढे पुढच्या टोकाखाली मोनोपॉड टेकवला तर निम्मं हलणं थांबतं.

कोकणात किंवा पावसाळ्यात वापरणार असाल तर सागवान मॅपलपेक्षा कमी कुरकुर करतं. नवे-जुने बेलोज अंधाऱ्या खोलीत आत एलईडी ठेवून बाहेरून तपासा. छिद्रं बहुधा घड्यांच्या कोपऱ्यांत सापडतात आणि काळ्या लवचीक रंगाच्या दोन हातांनी बुजतात. फिल्म फ्रीजरमधून काढल्यावर डबा काही तास बंदच ठेवा, नाहीतर दमट हवेत तावांवर दव धरतं आणि डाग पडतात.

कॅमेऱ्याची मागणी नोंदवताना तीन होल्डर, एक जादा लेन्सबोर्ड आणि जादा अ‍ॅक्रिलिक काच त्याच खेपेत मागवा, पार्सलचा आणि आयात शुल्काचा खर्च एकदाच होतो. प्रत्येक होल्डरच्या दोन्ही बाजूंना क्रमांक टाकून घ्या. पुढे एखाद्या निगेटिव्हवर प्रकाशाची गळती दिसली की कुठली बाजू बाद करायची ते लगेच कळतं.